आवृत्ती ठरवणे बाकी

"या घरातल्या कुठल्याही खोक्यावर बोट ठेवा, आत काय आहे ते मी न उघडता सांगते!" असं ताईनं रविवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा समोर तिचा धाकटा भाऊ, काका आणि आई असे तिघंच होते, आणि तिघांतलं कुणीही ऐकत नव्हतं. म्हणून तिनं ते पुन्हा, आणखी मोठ्यानं जाहीर केलं.

दावा पोकळ नव्हता. तिचे बाबा छत्तीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथं त्यांचा दरारा असा, की 'वॉशर, अर्धा इंच' या खणात पाव इंची वॉशर सापडला तर त्या वॉशरलाच घाम फुटावा! पण घरी हाच माणूस कारखान्यातले टाकाऊ खोके आणायचा, त्यांत हाताला येईल ते भरायचा आणि वरची चिठ्ठी तशीच ठेवायचा. "चिठ्ठी ओढली की खोका फाटतो," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यामुळे खिळ्यांसारख्या उभ्या, सरळ अक्षरांत 'बेअरिंग' लिहिलेल्या खोक्यात मोजे असत, 'ज्वालाग्राही'मध्ये आईबाबांच्या लग्नाचे फोटो आणि 'सदोष, परत पाठवणे' या खोक्यात दोन्ही मुलांची प्रगतिपुस्तकं. चिठ्ठीवर जे लिहिलंय ते आत नसतं, हे या घरातली मुलं मुळाक्षरांच्या आधी शिकली. ताई पुढे ग्रंथपाल झाली. नोकरीचे पहिले सहा महिने ती प्रत्येक पुस्तक उघडून बघायची, पाठीवर नाव आहे तेच पुस्तक आत आहे ना!

तीन महिन्यांपूर्वी बाबा गेले. जाताना मागे एक अर्धवट कॉम्प्युटर ठेवून गेले.

जुना कॉम्प्युटर एका दुपारी धूर काढून मेला होता. तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, की नवा आपण स्वतःच जोडायचा. दुकानात मिळतो तो नको, त्यात कुठला स्क्रू कुठं आहे ते आपल्याला कळत नाही! दोन महिने ते सुटे भाग जमवत होते. वहीत यादी होती: पेटी, बोर्ड, मेमरी, पंखा, डिस्का दोन. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. शेवटच्या ओळीत 'आवृत्ती ठरवणे', आणि तिच्यापुढे काही नाही. पंख्याचा चौथा स्क्रू पिळायला घेतला आणि छातीत दुखायला लागलं. तो स्क्रू साबणाच्या डबीत अजून होता.

ताईला राग आला होता. कुणाचा, ते नीट ठरत नव्हतं. डॉक्टरांचा आला, भेटायला येऊन "वय झालं होतं" म्हणणाऱ्यांचा आला, पंख्याचा आला. तीन महिने झाले तरी तो उतरत नव्हता, आणि आता सगळा राग त्या शेवटच्या ओळीवर येऊन बसला होता. कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती?

"अकरा," धाकटा म्हणाला. तो एका कचेरीत कॉम्प्युटरसमोर बसायचा, म्हणजे घरातला तज्ज्ञ. "ताई, सगळं जग आता अकरा नंबरवर आहे."

"जग असेल. बाबा सातवर होते."

"सात आता मेलंय गं!"

धाकट्यानं जीभ चावली.

"म्हणजे... बंद केलंय कंपनीनं."

"माझं ऐकाल तर," काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "दहा टाका. ना फार जुनं, ना फार नवं. मी आयुष्यात कायम मधलं घेत आलो. गाडी मधली, घर मधल्या मजल्यावर..."

"म्हणून तर तुम्ही सारखे मध्ये बोलता!"

"ताई!" आई दारातून म्हणाली. तिच्या मांडीवर मटारच्या शेंगांचं ताट होतं. "काकांशी असं बोलतात? आणि मी काय म्हणते, त्या डिस्का..."

"आई, तू यात पडू नकोस. हे व्हर्जनचं चाललंय."

आई शेंगा सोलायला लागली.

ताईचं म्हणणं साधं होतं. बाबा घरात फार बोलायचे नाहीत. जे काही बोलायचे ते पालिकेशी. गेली सव्वीस वर्षं ते पालिकेच्या तक्रार विभागाला पत्रं लिहीत होते. बंद दिवा, उघडं गटार, झाडामागे लपलेली बसथांब्याची पाटी. सव्वीस वर्षांत दोनशे चौदा पत्रं! प्रत्येकाला जावक क्रमांक, प्रत्येकाची वहीत नोंद. दोन बोटांनी टाइप करायचे, रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचायचे, आणि सोमवारी छापून पोस्टात टाकायचे. प्रत ठेवत नसत. "कॉम्प्युटरमध्ये आहे ना!" ताईला त्यातली काही वाक्यं पाठ होती. बागेतल्या बाकाबद्दलचं तर पक्कं: 'भिंत मी चार दिवस पाहिली. तीत पाहण्यासारखं काही नाही.' पुढचं मात्र आठवत नव्हतं. आणि ते तिला हवं होतं. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा पत्रं, पहिल्या 'महोदय'पासून शेवटच्या 'कळावे'पर्यंत, बाबांच्या आवाजात ऐकू येतील अशी.

अडचण एवढीच, की बाबांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं आदमच्या काळातलं. ते सातवर कसंबसं चालायचं, दहावर कण्हायचं, अकरावर उघडतच नव्हतं. धाकट्याच्या लॅपटॉपवर एकदा बाबांचं एक पत्र उघडून पाहिलं होतं, तर 'महोदय'च्या जागी नुसते मुंग्या-मुंगळे!

"म्हणून सात!" ताई म्हणाली.

"सातला सुरक्षा नाही. कुणीही घुसेल आत."

"घुसू दे! घुसून काय वाचेल? गटाराची तक्रार! वाच म्हणावं, आणि जमलं तर बुजव!"

"दहा..." काका म्हणाले.

"काका!"

सात ठरलं. म्हणजे ताईनं ठरवलं, आणि बाकीच्यांनी तोंडं मिटली.

सोमवारी ती पेटी आणि दोन्ही डिस्का घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदारानं पेटी उघडली आणि आत असं बघितलं, जसं कुणी दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये बघावं.

"हे कुणी जोडलं?"

"माझ्या वडिलांनी."

"चौथा स्क्रू नाहीये."

"आहे. डबीत आहे."

"आणि सात टाकायचंय? मॅडम, सात आता कुणी टाकत नाही. मी काय म्हणतो, या दोन्ही डिस्का भंगार आहेत, टाकून द्या. नवी छोटी डिस्क बसवू, अकरा टाकू, जुना पसारा पुसून एकदम स्वच्छ..."

'पसारा' हा शब्द ऐकला आणि ताईच्या डोक्यात कढई तापली. तिनं पेटीचं झाकण लावलं. दुकानदाराचं बोट आत होतं, ते त्यानं वेळेवर काढलं.

"अहो, रागावू नका! निदान दोन्ही डिस्का जोडून कशात काय आहे ते तर बघू! पाच मिनिटांचं काम आहे!"

"कशात काय आहे," ताई दारातून वळून म्हणाली, "ते मला माहीत आहे!"

पाच मिनिटांचं काम. पुढे कित्येक दिवस हे तीन शब्द तिच्या कानाशी डासासारखे गुणगुणत राहिले.

पुढच्या रविवारी तिनं सकाळीच बाबांच्या खोलीचा ताबा घेतला. साबणाच्या डबीतला चौथा स्क्रू काढून स्वतःच्या हातानं पिळला. धाकट्यानं भीत भीत सातचा पेनड्राइव्ह करून दिला होता. पेटी सुरू झाली, पंखा घुरघुरला, पडद्यावर 'भाषा निवडा' आलं आणि माउस हलेना. कीबोर्डही चालेना! नव्या बोर्डावरच्या माउस-कीबोर्डच्या खाचा सातला ओळखताच येत नव्हत्या.

"बघ!" धाकटा म्हणाला. "अकरा असतं तर..."

"तोंड उघडलंस तर तुलाच फॉरमॅट करीन!"

बोर्डाच्या मागे एक जांभळं गोल भोक होतं. जुन्या, गोल पिनच्या कीबोर्डचं. बाबांनी मुद्दाम तसा बोर्ड शोधला असणार! म्हणजे तसा कीबोर्डही घरात असणार. धाकट्यानं माळ्यावरून 'कीबोर्ड' लिहिलेला खोका काढला. आत नळाच्या तोट्या. ताई नुसती हसली. डोळे मिटून उभी राहिली, बाबांसारखी कंबरेवर हात ठेवून, आणि म्हणाली, "गंजरोधक तेल."

'गंजरोधक तेल'मध्ये गोल पिनचा कीबोर्ड होता. त्याच्याखाली टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडीसुद्धा!

"कसं कळलं तुला?" धाकट्याचा आ वासलेला.

"बाबांचं डोकं आहे माझ्याकडे," ताई म्हणाली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिची मान अशी वर झाली होती. नेमका इथंच घात झाला.

टेबलावर दोन डिस्का होत्या. एक जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली, पत्रांची. दुसरी धाकट्याच्या कचेरीनं टाकून दिलेली, कोरी. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, दोघींवर सारखीच धूळ. जुळ्या बहिणीसुद्धा इतक्या सारख्या नसतात. फरक फक्त चिठ्ठ्यांचा. एकीवर लिहिलं होतं 'रिकामी', दुसरीवर 'जपून ठेवा'. काळ्या मार्करनं, गोल गोल, ठसठशीत अक्षरांत.

"ही पत्रांची," धाकट्यानं 'जपून ठेवा' उचलली. "ही बाजूला ठेवू."

"वेडा आहेस का? खाली ठेव! पत्रांची ही." तिनं 'रिकामी' उचलून छातीशी धरली.

"अगं, तिच्यावर रिकामी लिहिलंय!"

"म्हणूनच! सव्वीस वर्षं या घरात काढलीस आणि चिठ्ठी वाचतोस?"

"पण ताई, ती खोक्यांची गोष्ट. ही डिस्क आहे. डिस्कवर कशाला कुणी उलटं..."

"बाबा कसे होते ते तू मला शिकवू नकोस!"

"ताई," आई दारात आली, "त्या डिस्का..."

"आई, प्लीज! एक तर याचं तोंड बंद होत नाहीये, त्यात तू!"

आई परत गेली.

ताई बेफिकीर नव्हती. उलट तिनं फार काळजी घेतली. छातीशी धरलेली 'रिकामी' तिनं मऊ फडक्यात गुंडाळली, कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. मग 'जपून ठेवा' पेटीत जोडली. पेनड्राइव्हवर डिस्क साफ करायचा एक प्रोग्राम होता. त्यानं विचारलं: झटपट पुसायचं, की पूर्ण?

"झटपट कर," धाकटा म्हणाला. "दोन मिनिटांत होईल."

"बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये अर्धवट काम चालणार नाही!" ताई म्हणाली, आणि तिनं 'पूर्ण' दाबलं.

तीन तास लागले. एवढा वेळ ती खुर्चीत बसून टक्के बघत होती. चौदा टक्के. तीस टक्के. एकसष्ट. मन कसं शांत शांत होत चाललं होतं! दुपारी सात नंबरची निळी खिडकी पडद्यावर उगवली. सीडी चालली, टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, 'म' दाबला की 'म' येऊ लागला. ताईनं वहीतल्या शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली, कुलूप काढलं, फडकं सोडलं, दुसरी डिस्क जोडली आणि सगळ्यांना हाक मारली.

"या! बसा! काका, तुम्ही पुढे बसा. बाबांचं पहिलं पत्र मी वाचणार आहे!"

तिनं डिस्क उघडली.

डिस्क रिकामी होती.

नुसती रिकामी नाही. पाहुणे गेल्यावर आईनं पुसलेल्या टेबलासारखी रिकामी! ताईनं डिस्क बंद केली, उघडली, काढली, फुंकर मारली, पुन्हा जोडली. रिकामी. मग हळूहळू चौघांचीही नजर पेटीच्या पोटातल्या दुसऱ्या डिस्ककडे गेली, जिच्यावर गोल गोल अक्षरांत लिहिलं होतं 'जपून ठेवा'.

"बाबा!" ताई ओरडली. "आयुष्यभर खोट्या चिठ्ठ्या लावल्यात आणि नेमकी एकदाच खरी लावलीत? हा काय चावटपणा आहे?"

"त्यांनी नाही लावली," आई म्हणाली. "मी लावली."

चिठ्ठीवरची अक्षरं गोल होती. बाबांची अक्षरं खिळ्यांसारखी. बत्तीस वर्षं ताई दोन्ही बघत आली होती. सकाळी मात्र रागाच्या भरात तिला फक्त शब्द दिसले होते.

"दवाखान्यातून फोन केला होता त्यांनी," आई म्हणाली. "म्हणाले, टेबलावर दोन डिस्का आहेत. डावी रिकामी, उजवी पत्रांची. चिठ्ठ्या लावून ठेव, नाहीतर धाकटा काहीतरी घोळ घालील."

धाकट्यानं छताकडे पाहिलं.

"मग सांगितलं का नाहीस तू?"

"दोनदा सांगायला आले. यात पडू नकोस म्हणालीस."

काका खाकरले. ते 'दहा' म्हणणार असं वाटलं. पण प्रसंग ओळखून ते फक्त पाणी प्यायले.

दुकानदाराला फोन केला. तो चांगला माणूस निघाला, आणि त्याचाही ताईला राग आला. "झटपट पुसलं असतंत तर मी काढून दिलं असतं हो. पूर्ण म्हणजे... पूर्ण." मग जरा थांबून, "पाच मिनिटांचं काम होतं."

ताई बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली. आता राग इतका होता, की खोलीत मावेना. पण कुणावर काढणार? आईवर? तिनं खरं तेच लिहिलं होतं. धाकट्यावर? त्यानं तर खरं तेच वाचलं होतं. सव्वीस वर्षांची पत्रं बसून, टक्के मोजत, तिनं स्वतःच पुसली होती. वहीत आता फक्त विषय उरले होते. 'क्र. ९. बाक.' 'क्र. ८८. गटार, तेच.' 'क्र. १४०. गटार, अजून तेच.' प्रत नाही. छापलेलं एकेक पत्र सोमवारी पोस्टात...

ताई ताठ बसली. पोस्टात!

तिनं गोल पिनचा कीबोर्ड पुढे ओढला. जावक क्रमांक २१५. 'महोदय, माझ्या वडिलांनी सव्वीस वर्षांत आपल्याला दोनशे चौदा पत्रं पाठवली. त्यांतल्या एकाचीही दखल आपण घेतली नाही. ती आपल्याला नको असल्याचं यावरून सिद्ध होतं. तरी सर्व पत्रं परत करावीत. मला हवी आहेत.'

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. पालिकेकडून या घरात आलेलं पहिलं उत्तर! 'प्रलंबित तक्रारअर्ज नियमानुसार परत करता येत नाहीत. तक्रार निकाली निघाल्यावर अर्जदारानं अथवा वारसानं समाधान झाल्याची सही केल्यास मूळ अर्ज परत देण्यात येईल. तरी सदर तक्रारी क्रमानं निकाली काढण्यात येत आहेत.'

"म्हणजे सगळी कामं करून देणार?" धाकटा म्हणाला. "मग चांगलंच की!"

"चांगलं?" ताईचा आवाज चिरकला. "बाबा होते तेव्हा काय झालं होतं यांना?"

आईनं उठून ताईसमोर पाण्याचा पेला ठेवला आणि तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. एवढंच.

पहिल्या आठ तक्रारींमधल्या वस्तूच आता जागेवर नव्हत्या; त्यामुळे पालिकेच्या मते त्या निकाली निघत नव्हत्या. सुरुवात झाली ती क्रमांक नऊपासून. कोपऱ्यावरच्या बागेतला बाक. गुरुवारी सकाळी पालिकेचा कारकून बागेत हजर झाला. वयस्कर, चष्मा कपाळावर, काखेत फीत बांधलेली जाडजूड फाइल.

"तुम्ही त्यांची मुलगी ना? वाटलंच."

"कशावरून?"

"पत्राच्या पहिल्याच ओळीत भांडायला लागलात." त्यानं फाइल बाकावर ठेवली, जपून, दोन्ही हातांनी. "कसे आहेत ते? सहा महिने झाले, पत्र नाही. गुरुवारी चहाला आम्ही सगळे बसून वाचायचो. कचेरीत सगळे म्हणायला लागले, रागावले वाटतं."

"वाचायचात?" ताईचा राग फणा काढून उभा राहिला. "दोनशे चौदा पत्रं चहाबरोबर वाचायचात, आणि एक काम करायला जमलं नाही? माझ्या पत्रात वारस लिहिलं नव्हतं, पण तुमच्याच उत्तरात आहे! माणूस वारस कधी होतो?"

कारकुनानं कपाळावरचा चष्मा काढला, पुसला, परत कपाळावर ठेवला.

"उत्तर साहेबांनी लिहिलं," तो म्हणाला. "मला नुसतं बाक फिरवून या म्हणाले."

मग त्यानं फाइलची फीत सोडली. वर पत्र क्रमांक नऊ होतं. कागद पिवळा पडलेला. कडेला चहाचा डाग.

"सही करा, घेऊन जा."

"आधी वाचू द्या."

"सहीआधी हातात देता येत नाही. नियम आहे." मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "पण मी वाचायचं नाही असा नियम नाही. बसा."

ताई बसली. कारकून चष्मा नाकावर घेऊन वाचू लागला.

"महोदय, कोपऱ्यावरच्या बागेत आपण बसवलेला बाक भिंतीकडे तोंड करून आहे. आपल्या अभियंत्यांनी काही विचार केला असेल, या समजुतीनं भिंत मी चार दिवस पाहिली. तीत पाहण्यासारखं काही नाही. पाचव्या दिवशी माझी मुलगी सोबत आली. ती म्हणाली, बाबा, आपण उलटं बसू. तेव्हापासून आम्ही पाठीच्या फळीवर बसतो. मुलगी सहा वर्षांची आहे त्या फळीवर तिचा तोल जातो..."

"स्वल्पविराम!" ताई ओरडली.

"काय?"

"'आहे' नंतर स्वल्पविराम असणार. बाबा तिथं थांबायचे. नीट वाचा!"

कारकुनानं कागद डोळ्यांजवळ नेला. "आहे खरा. डागाखाली गेलाय." त्यानं घसा साफ केला. "मुलगी सहा वर्षांची आहे, त्या फळीवर तिचा तोल जातो, म्हणून बसेपर्यंत मला तिचा हात धरून राहावं लागतं. तरी सवडीनं बाक फिरवावा. घाई नाही. कळावे."

बागेत एक माळी पाइप ओढत गेला. ताईनं पर्समध्ये रुमाल शोधला, सापडला नाही, तेव्हा पर्सचाही राग आला.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली. "आणि जरा सावकाश. शर्यत लागलीय का?"

कारकुनानं पुन्हा वाचलं. स्वल्पविरामाला थांबला.

मग त्यानं पेन पुढे केलं. "बाक फिरवलाय. समाधान झालं असेल तर इथं सही करा, आणि हे पत्र तुमचं."

ताईनं पेन घेतलं. टोपण काढलं. सही करायची, की पत्र तिच्या हातात. मग तिनं मान वर करून समोर पाहिलं. चार महिने न उतरलेल्या त्या रागानं आतून असा काही उसळी मारली, की तिला एकदम बरं वाटलं.

तिनं टोपण लावलं.

"अहो, सही?"

"पुढल्या गुरुवारी या," ती म्हणाली. "फाइल घेऊन या. आणि चष्मा पुसून या."

घरी आल्या आल्या ती बाबांच्या खुर्चीत बसली. पेटी घुरघुरली, सातची निळी खिडकी उघडली. पत्र टाइप झालं, तेव्हा तिनं त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली आणि आईला हाक मारून मार्कर तिच्या हातात दिला. मग तिच्यासमोर, आणि पाठीमागून डोकावणाऱ्या धाकट्यासमोर, ते मोठ्यानं वाचलं:

"जावक क्रमांक २१६. महोदय, बाक आपण फिरवलात. आता तो पंपघराच्या भिंतीकडे तोंड करून आहे. ही भिंत मी चार मिनिटं पाहिली. पहिली बरी होती."